कारखान्याच्या छपरावर सोलर बसवताय? करारावर सही करण्याआधी कराचं हे बघा

आमचं छोटं वर्कशॉप शिरोली एमआयडीसीत आहे. फौंड्रीतून कास्टिंग येतं, आम्ही ते मशीनिंग करून पुढे देतो. दादा आणि मी, दोघांची भागीदारी फर्म. विजेचं बिल दर महिन्याला छातीवर बसायला लागलं म्हणून २०२५ च्या जुलैत १०० किलोवॅटच्या सोलर प्लँटचा करार केला. पॅनल कुठले, इन्व्हर्टर कुठला, वॉरंटी किती, यावर आम्ही दोन महिने घासाघीस केली. कर हा विषय मात्र "सीए बघतील" म्हणून सोडून दिला. सीए मॅडमनी बघितलं, पण ऑक्टोबरात. तोवर करार झालेला, माल आलेला आणि एक महत्त्वाची तारीख हुकलेली होती.

तुमचं तसं होऊ नये म्हणून हे लिहितोय. मी कर सल्लागार नाही. फाइल घेऊन फिरलेला माणूस आहे. खालचे आयकराचे नियम २०२५-२६ या वर्षाचे, म्हणजे १९६१ च्या कायद्याखालचे आहेत. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू आहे आणि कलमांचे क्रमांक बदलले आहेत, म्हणून इथे क्रमांक देतच नाही. तुमच्या वर्षाचा दर आणि तरतूद सीएकडून पक्की करून घ्या.

१. आधी ठरवा: यंत्र तुमचं की नुसती वीज तुमची?

सोलरवाले दोन तऱ्हेचे करार घेऊन येतात. बोलण्यात दोन्ही "सोलर लावून देतो" असेच असतात, पण कराच्या दृष्टीने त्यांचा एकमेकांशी संबंध नाही.

पहिल्यात प्लँट तुम्ही विकत घेता. पैसे तुमचे किंवा बँकेचे, मालकी तुमची. घसारा (यंत्राच्या किमतीतला दरवर्षी उत्पन्नातून वजा होणारा भाग) तुम्हाला मिळतो आणि जीएसटीचा आयटीसीही (खरेदीवर भरलेला जीएसटी आपल्या देण्यातून वळता करणं) तुम्हाला मिळतो.

दुसऱ्यात गुंतवणूकदार कंपनी स्वतःच्या पैशाने तुमच्या छपरावर प्लँट उभा करते आणि पंधरा-वीस वर्षं ठरलेल्या दराने तुम्हाला वीज विकते. तुम्ही फक्त युनिटचं बिल भरता. ते बिल धंद्याचा रोजचा खर्च म्हणून पूर्ण वजा होतं. विजेवर जीएसटी नाही, त्यामुळे आयटीसीचा प्रश्नच येत नाही. घसारा मात्र त्या कंपनीचा, कारण यंत्र तिचं. आमच्या गल्लीत एकाने असा करार केला आणि वर्षभर "मला ४० टक्के घसारा मिळणार" म्हणून सगळ्यांना सांगत फिरला. छप्पर आपलं म्हणून यंत्र आपलं होत नाही.

या दुसऱ्या करारात एक कलम डोळ्यांत तेल घालून वाचा: "अमुक वर्षांनी प्लँट ग्राहकाने विकत घ्यावा". घेतलात तर तो तुमच्यासाठी जुना प्लँट. जुन्या यंत्रावर साधा घसारा मिळतो, नव्या यंत्रावरचा वाढीव घसारा मिळत नाही. शिवाय किंमत फुगवून दाखवलेली वाटली तर अधिकारी स्वतः किंमत ठरवू शकतो.

इथून पुढचं सगळं पहिल्या प्रकाराबद्दल, म्हणजे प्लँट स्वतः विकत घेणाऱ्यांसाठी.

२. एकरकमी भाव घेऊ नका, सुटा भाव मागा

हिशोब सोपा व्हावा म्हणून गोल आकडे धरतो. समजा कोटेशन जीएसटी सोडून ५० लाखांचं आहे. खोदून विचारलं की त्यात साधारण हे निघतं: प्लँट, उभारणी, केबल, अर्थिंग मिळून ४५ लाख. शेडचे जुने पत्रे बदलायचे ३ लाख. पाच वर्षांची देखभाल २ लाख. तिन्ही एकाच आकड्यात कोंबलेलं असतं आणि वर लिहिलेलं असतं "टर्नकी". म्हणजे सगळं काम एकाकडेच. हा शब्द ऐकायला छान, पण हिशोबाला वाईट.

सोलर प्लँट हे यंत्र आहे. त्याच्यावर घसारा ४० टक्के. (जुने लोक ८० टक्के म्हणतात. तो दर २०१६-१७ पर्यंत होता, आता नाही.) पॅनल ज्यावर बसतं ते लोखंडी स्ट्रक्चर आणि त्याचा पाया हे यंत्राचाच भाग समजले जातात, त्यामुळे त्यांच्यावरचा जीएसटीही मिळतो.

पत्रे ही इमारत. आणि गंमत अशी, की इथे तुम्ही वहीत काय लिहिता यावर जीएसटी ठरतो. जुने पत्रे काढून तसेच नवे टाकले आणि तो दुरुस्तीखर्च म्हणून लिहिला, तर पूर्ण खर्च त्याच वर्षी वजा मागता येतो आणि आयटीसीही घेता येतो. तोच खर्च इमारतीच्या किमतीत चढवला, तर घसारा १० टक्के आणि आयटीसी बंद. छप्पर वाढवलं किंवा नवी शेडच उभारली, तर दुरुस्ती म्हणण्याला जागा उरत नाही. फसवाफसवी करू नका, फोटो काढून ठेवा: जुन्या गंजक्या पत्र्यांचे आणि नव्याचे.

देखभाल हा भांडवली खर्च नाहीच. तो ज्या त्या वर्षी खर्चात जातो. २ लाख यंत्राच्या किमतीत मिसळलेत तर पाच वर्षांचा खर्च घसाऱ्याच्या आकड्यात येईल आणि तपासणीत तो पहिल्यांदा उचलला जाईल.

म्हणून कराराला भावाचं परिशिष्ट जोडायला लावा. पुरवठादार कुरकुरतो. त्याला सांगा, त्याशिवाय सही नाही.

३. सहीच्या तारखेला किंमत नाही, प्लँट चालू झाल्याच्या तारखेला आहे

हे एवढं जरी लक्षात राहिलं तरी लेख वाचल्याचं सार्थक झालं.

माझी समजूत अशी होती की जुलैत करार झाला, तीस टक्के ॲडव्हान्स गेला, करार दोघांवर बंधनकारक. म्हणजे कराच्या दृष्टीने प्लँट जुलैचा. असा विचार जगात कुठेच होत नाही असं नाही. अमेरिकेत १९८६ साली करकायदा मुळापासून बदलला तेव्हा यंत्रांवरची गुंतवणूक सवलत काढून टाकली. पण ३१ डिसेंबर १९८५ या तारखेला ज्यांचा लेखी आणि बंधनकारक करार झालेला होता, त्यांना यंत्र ठरावीक मुदतीत चालू करण्याच्या अटीवर जुनी सवलत ठेवली. बंधनकारक पुरवठा-करार पूर्ण करायला जी यंत्रं लागणार होती, त्यांच्यासाठीही तशी तरतूद होती. तिथे त्या वेळी सहीची तारीख सोन्याची ठरली.

आपल्याकडे घसाऱ्याला दोनच गोष्टी लागतात: यंत्र तुमच्या मालकीचं आणि ते धंद्यासाठी वापरात आलेलं. करार, ॲडव्हान्स, गेटवर उतरलेले पॅनल, यातलं काही वापर नाही.

आणि वापर कधीपासून, यावर पहिल्या वर्षाचा घसारा पूर्ण की अर्धा हे ठरतं. त्या आर्थिक वर्षात यंत्र १८० दिवसांपेक्षा कमी वापरलं तर निम्माच घसारा. ३१ मार्चपासून उलट मोजलं की तारीख येते ३ ऑक्टोबर. फेब्रुवारी २९ दिवसांचा असेल तर ४.

आता आमचं बघा. २०२५ मध्ये दसरा आला २ ऑक्टोबरला. खंडेनवमीला यंत्रांची पूजा, दुसऱ्या दिवशी दसऱ्याच्या मुहूर्तावर सोलरचा स्विच ऑन, असं दादाने ठरवलेलं. पण सप्टेंबरच्या शेवटी तपासणीत अर्थिंगचा एक पिट कमी निघाला. ठेकेदाराची माणसं सणाला गावी गेलेली. पिट खणून, पुन्हा तपासणी होऊन प्लँट चालू झाला ९ ऑक्टोबरला. सहा दिवसांनी तारीख हुकली.

त्या सहा दिवसांची किंमत ४५ लाखांच्या आकड्यावर मांडतो. उत्पादन करणाऱ्या धंद्याला नव्या यंत्रावर ४० टक्क्यांशिवाय आणखी २० टक्के वाढीव घसारा मिळतो.

३ ऑक्टोबरच्या आत चालू झाला असता, तर पहिल्या वर्षी १८ लाख अधिक ९ लाख, म्हणजे २७ लाख.
९ ऑक्टोबरला झाला, म्हणून ९ लाख अधिक साडेचार लाख, म्हणजे साडेतेरा लाख.

भागीदारी फर्मचा कर ३० टक्के आणि वर ४ टक्के सेस, म्हणजे ३१.२. फरकाच्या साडेतेरा लाखांवर साधारण ४ लाख २१ हजारांचा कर त्या वर्षी जास्त. पैसे बुडत नाहीत: वाढीव घसाऱ्याचा उरलेला निम्मा भाग पुढच्या वर्षी मिळतो, साधा घसाराही उरलेल्या किमतीवर मिळत राहतो. पण बँकेचा पहिला हप्ता सुरू व्हायच्या वेळी चार लाख हातात असणं आणि नसणं यातला फरक वर्कशॉपवाल्याला सांगायला नको.

वाढीव घसारा सगळ्यांना नाही, हेही इथेच सांगतो. एकट्याच्या नावावर धंदा असेल आणि तुम्ही नव्या करप्रणालीत असाल (न सांगता तीच लागू होते) तर तो २० टक्क्यांचा भाग विसरा. २२ टक्क्यांचा दर निवडलेल्या कंपन्यांनाही तो नाही. ऑफिसच्या जागेत बसवलेल्या यंत्रावरही नाही. तेव्हा पॅनल शेडवर जातात की ऑफिसच्या गच्चीवर, हा प्रश्न नकाशा काढतानाच विचारा.

"वापरात" म्हणजे काय, हा वादाचा विषय आहे. चाचणीसाठी चालवलं तरी वापर झाला असं मानणारे न्यायालयाचे निकाल आहेत. त्यांच्या भरवशावर राहू नका. प्लँट चालू केल्याचा अहवाल, विद्युत निरीक्षकांची परवानगी, मीटर बसल्याची नोंद आणि इन्व्हर्टरच्या ॲपमधली पहिल्या दिवसाची युनिटं, या सगळ्यांच्या तारखा एकमेकींशी जुळायला हव्यात.

आता कोणी विचारलं तर मी सांगतो: ३ ऑक्टोबर कॅलेंडरवर लाल करा आणि तिथून मागे मोजत करार लिहा. प्लँट ऑगस्टअखेर चालू होईल अशी तारीख घाला. ते जमणार नसेल आणि डिसेंबर उजाडणारच असेल, तर घाईने जास्त भाव देऊ नका. अर्धा घसारा डिसेंबरातही तेवढाच आणि मार्चमध्येही तेवढाच.

४. जीएसटीचा दर: इथेही करार बाजूला

माल आणि उभारणी एकाच कराराने दिली तर कायदा असं धरतो की किमतीतला ७० टक्के भाग मालाचा आणि ३० टक्के सेवेचा. सोलरच्या मालावर १ ऑक्टोबर २०२१ पासून १२ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के झाला. सेवेवर १८. त्यामुळे आधी एकूण १३.८ टक्के पडत होते, आता ८.९ पडतात. ४५ लाखांवर हा फरक २ लाख २० हजार ५०० रुपयांचा.

आमच्या करारात "जीएसटी १३.८ टक्के" असं छापलेलं होतं. दर मध्येच उतरला, तरी पुरवठादाराने शेवटचं बिल जुन्याच दराने पाठवलं. म्हणे करारात लिहिलंय. करारात लिहून कराचा दर ठरत नाही. दर बदलतो तेव्हा पुरवठा, बिल आणि पैसे या तीन गोष्टींच्या तारखा बघतात. ढोबळमानाने तीनपैकी दोन ज्या बाजूला, तो दर. मालावरच्या ॲडव्हान्सचा नियम थोडा वेगळा आहे, तो सीएकडून समजून घ्या. आम्ही बिल दुरुस्त करून घेतलं. तुमच्या करारात "पुरवठ्याच्या वेळी लागू असलेला जीएसटी वेगळा" असं वाक्य घाला. "सर्व करांसहित" असं असेल तर दर उतरल्याचा फायदा कुणाचा, यावर भांडण ठरलेलं.

खरं सांगायचं तर पूर्ण आयटीसी मिळणाऱ्या कारखान्याला दर १३.८ असो की ८.९, शेवटी खर्च तोच; फक्त पैसा काही महिने अडकतो. ज्यांचा माल करमुक्त आहे त्यांना मात्र दर थेट खिशाला लागतो.

आयटीसी घेताना लोक इथे अडकतात:

- जीएसटीची रक्कम यंत्राच्या किमतीत धरून घसारा घेतला, तर आयटीसी गेला. एकाच रुपयावर दोन्ही फायदे नाहीत. अकाउंटंटने पहिल्या दिवशी कुठल्या खात्यात टाकलं ते स्वतः बघा.
- एकाच बिलाचा माल तीन गाड्यांतून आला तर शेवटची गाडी पोचल्यावरच आयटीसी.
- पुरवठादाराने रिटर्न भरलं नसेल तर तुमच्या २बी मध्ये (पुरवठादारांच्या रिटर्नवरून पोर्टलवर तयार होणारी आयटीसीची यादी) बिल दिसत नाही, आणि दिसल्याशिवाय घेता येत नाही. आर्थिक वर्ष संपल्यावर येणारा ३० नोव्हेंबर ही शेवटची मुदत.
- नेट मीटरमधली (घेतलेली आणि परत दिलेली वीज मोजणारा मीटर) उरलेली युनिटं वर्षाखेरीस महावितरणने पैसे देऊन घेतली, तर वीज हा करमुक्त पुरवठा असल्याने थोडा आयटीसी परत करण्याचा प्रश्न उभा राहतो. रक्कम लहान असते, पण सीएला आधी सांगा.

५. रिटेन्शनचा सापळा

हा मला कुणीच सांगितला नव्हता.

पुरवठा-करारात दहा टक्के रक्कम वर्षभर मागे ठेवायची पद्धत आहे. प्लँट नीट चालला की द्यायची. शहाणपणाचीच गोष्ट. पण जीएसटीचा नियम असा की बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पुरवठादाराला पूर्ण पैसे गेले पाहिजेत. जेवढे राहिले, त्याच्या प्रमाणातला आयटीसी व्याजासकट परत करावा लागतो. पैसे दिल्यावर तो पुन्हा घेता येतो, व्याज मात्र गेलंच. ४५ लाखांचे दहा टक्के म्हणजे साडेचार लाख, आताच्या ८.९ टक्क्यांनी त्यावरचा जीएसटी ४०,०५० रुपये.

तोडगा सोपा आहे. पूर्ण पैसे द्या आणि दहा टक्क्यांची बँक गॅरंटी घ्या. गॅरंटीचं कमिशन कुणी भरायचं हेही त्याच कलमात लिहा, नाहीतर ते तुमच्याच गळ्यात येईल.

६. पैसे देताना

एका माणसाला एका दिवसात दहा हजारांवर रोख दिलं तर ती रक्कम यंत्राच्या किमतीत धरली जात नाही. क्रेनवाला आणि हमाल यांच्या बाबतीत हे हमखास होतं. यूपीआयने द्या.

कर्जाचं व्याज प्लँट चालू होईपर्यंत यंत्राच्या किमतीत चढतं, चालू झाल्यानंतरचं खर्चात जातं. भांडवली अनुदान मिळालं तर तेवढी किंमत कमी होते. (पीएम सूर्यघरचं अनुदान घरांसाठी आहे, कारखान्याला "मिळवून देतो" म्हणणाऱ्याला चहा पाजून पाठवून द्या.)

टीडीएसही (पैसे देतानाच कापून सरकारला भरायचा कर) आहे: कामाच्या ठेक्यावर भागीदारी फर्मला किंवा कंपनीला पैसे देताना २ टक्के, व्यक्तीला १. तुमची आधीच्या वर्षीची उलाढाल १० कोटींच्या वर आणि एकाच विक्रेत्याकडून ५० लाखांवर माल घेतला, तर वरच्या रकमेवर ०.१ टक्के. बिलात जीएसटी वेगळा दाखवलेला असेल तर तो सोडून कापा.

७. उशीर झाला तर

आमच्या करारात उशिराच्या दंडाचं कलम होतं, पण ते माल पोचवण्याच्या तारखेला बांधलेलं. माल वेळेवर आला, प्लँट वेळेवर चालू झाला नाही. दंड शून्य. तुम्ही कलम प्लँट चालू होण्याच्या तारखेला बांधा, आणि परवानगी, अर्थिंग, तपासणीतल्या त्रुटी या कुणाच्या जबाबदारीत येतात ते नावानिशी लिहा.

दंड मिळालाच तर तो उत्पन्न धरायचा का? सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सौराष्ट्र सिमेंटच्या प्रकरणात, यंत्र उशिरा पुरवल्याबद्दल मिळालेली ठरीव भरपाई भांडवली जमा मानली. म्हणजे ती धंद्याच्या उत्पन्नात येत नाही. करार मोडल्याच्या अशा भरपाईवर जीएसटी लागत नाही, हे ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात सांगितलेलं आहे. पण ठेकेदाराने दंडाऐवजी शेवटच्या बिलातच सूट दिली, तर ती सरळ किंमत कमी होणं. कागदावर नाव काय लावता ते महत्त्वाचं.

८. फाइलमध्ये काय ठेवायचं

- सही केलेला करार, भावाचं परिशिष्ट, नंतरचे सगळे बदल लेखी
- बिलं, ई-वे बिलं, गेटवरची आवक नोंद
- पॅनल आणि इन्व्हर्टरच्या सिरियल नंबरांची यादी
- विद्युत निरीक्षकांची परवानगी, नेट मीटरचा करार, प्लँट चालू केल्याचा अहवाल
- पहिल्या आठवड्याची रोजची युनिटं, ॲपमधून छापून
- बँकेतून पैसे गेल्याचे पुरावे, कर्ज मंजुरीपत्र
- कामाआधीचे आणि नंतरचे छपराचे फोटो

इन्व्हर्टरच्या ॲपवर विसंबू नका. आमच्या शेजाऱ्याने पुरवठादार बदलला, जुन्याने लॉगिन बंद केलं आणि पहिल्या वर्षाचा सगळा डेटा गेला.

९. पुढे कधी प्लँट विकलात किंवा हलवलात तर

जागा भाड्याची असेल तर हे आधीच वाचा. प्लँट विकताना घेतलेल्या आयटीसीतून दर तिमाहीला ५ टक्के वजा करून उरलेली रक्कम, किंवा विक्रीच्या किमतीवरचा जीएसटी, यातलं जे जास्त ते भरावं लागतं. म्हणजे पाच वर्षांनी फक्त विक्रीवरचा कर उरतो. आयकरात एकाच दराच्या सगळ्या यंत्रांचा मिळून एक गट धरतात; विक्रीची रक्कम त्या गटाच्या शिल्लक किमतीतून वजा होते. गटात दुसरं काही नसेल आणि रक्कम शिलकीपेक्षा जास्त आली तर वरच्या रकमेवर त्याच वर्षी अल्पकालीन नफा म्हणून कर. एका शेडमधून तुमच्याच दुसऱ्या शेडला त्याच जीएसटी नंबरखाली हलवलात तर ही विक्री नव्हे. मात्र नव्या जागी परवानगी आणि नेट मीटर पुन्हा पहिल्यापासून, आणि घरमालकाकडून छपराच्या वापराचं पत्र करारावर सही करण्याआधीच घेतलेलं बरं.